वसईची घंटा आणि आजीची गाणी

दोस्तांनो, नाशिकला गोदावरीच्या काठी, रामकुंडाच्या जवळ नारोशंकराचं देऊळ आहे. पाहिलंय का कुणी? नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ साली बांधलेलं, काळ्या दगडाचं, नक्षीनं भरलेलं. त्याच्या तटावर एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. पूर्वी ती वाजली की कोसाकोसावर ऐकू जायची, असं नाशिकचे जुने लोक सांगत.

आता एक गणित. देऊळ १७४७ चं, नि घंटेवर साल आहे १७२१. म्हणजे घंटा देवळापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठी! आणि घंटेवरची अक्षरं? ती देवनागरी नाहीत, मोडीही नाहीत. ती आहेत पोर्तुगीज.

असाच चमत्कार भीमाशंकरला दिसतो. वाईजवळच्या मेणवलीलाही दिसतो. मेणवली म्हणजे नाना फडणवीसांच्या वाड्याचं गाव. 'स्वदेस' सिनेमात तिथला कृष्णेचा घाट तुम्ही पाहिला असेल. तिथल्या घाटावरच्या घंटेवर चक्क बाळ येशूला घेतलेली मेरीमाता आहे. शंकराच्या देवळापाशी मेरीमाता कशी काय आली?

ती आली वसईहून.

मुंबईहून विरारची लोकल पकडली की भाईंदरची खाडी ओलांडल्यावर वसई लागते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांनी समुद्राला लागून मोठा किल्ला बांधला. त्यात घरं, दवाखाना, बाजार, आणि चर्चेस. एक-दोन नव्हे, बरीच! फ्रान्सिस्कन पंथाचं वेगळं, डॉमिनिकन पंथाचं वेगळं, जेझुइटांचं वेगळं. प्रत्येकाला उंच मनोरा, नि मनोऱ्यात घंटा. दोनशे वर्षं हा कारभार चालला. मग चिमाजी अप्पांनी वेढा घातला. लढाई घनघोर झाली, दोन्हीकडची पुष्कळ माणसं पडली, आणि १७३९ च्या मे महिन्यात किल्ला मराठ्यांच्या हाती आला. विजयाची खूण म्हणून मराठे सरदारांनी किल्ल्यातल्या घंटा नेल्या आणि आपापल्या देवांना वाहिल्या. एखादी हत्तीवर चढवली असेल, एखादी गाड्यावर. घाट चढताना बैलांची काय दमछाक झाली असेल!

शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट इथंच संपते. किल्ला जिंकला, झेंडा लागला, धडा संपला, खालील प्रश्नांची उत्तरे लिहा. पण मला नेहमी वाटायचं, घंटा गेल्या तेव्हा त्या ऐकणारी माणसं कुठं गेली?

ती कुठंच गेली नाहीत. पोर्तुगीज शिपाई, अंमलदार आणि गोरे पाद्री गलबतांत बसून निघून गेले. पण आजूबाजूच्या गावांतले शेतकरी, माळी, कोळी हे इथलेच होते. पोर्तुगीजांच्या काळात ते ख्रिस्ती झाले होते. त्यांनी जायचं तरी कुठं? त्यांची भातशेती इथं, केळीच्या बागा इथं, होड्या इथं. गावचे देशी पाद्री त्यांच्याबरोबर राहिले. मराठ्यांच्या राज्यात ते मराठ्यांची प्रजा झाले, इंग्रज आल्यावर इंग्रजांची. रविवारी चर्चला जाणं काही थांबलं नाही.

आज किल्ल्यातली ती भव्य चर्चेस पाहायला गेलात तर डोक्यावर छप्पर नाही, भिंतींतून वड-पिंपळ फुटलेले. आणि गावांतली चर्चेस मात्र रविवारी माणसांनी फुललेली! वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून बसनं निघा. पापडी, सांडोर, गिरीज, निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल... एका गावाचा मनोरा मागं पडतो न पडतो तोच दुसऱ्याचा दिसायला लागतो. गावांची नावंही मोठी मजेची. किल्ल्याजवळ 'रमेदी' नावाचा भाग आहे. पोर्तुगीज भाषेत 'रेमेदिओस' म्हणजे उपाय, औषधं. दुखणंखुपणं बरं करणारी मेरीमाता ती रमेदीची माता. 'मर्सेस' गावाचं नावही तिथल्याच मातेवरून पडलंय. ती दयेची माता.

(जाता जाता सांगतो. पोर्तुगीज शब्द फक्त वसईत आहेत असं समजू नका. चावी, पगार, बटाटा, पाव, अननस, घमेलं, फीत, इस्त्री, लिलाव हे सगळे तिकडूनच आले. आणि 'नाताळ'सुद्धा. पोर्तुगीज भाषेत जन्मदिवसाला, म्हणजे येशूच्या जन्माच्या सणाला 'नाताल' म्हणतात.)

गास गावात एका संताच्या नावाचं चर्च आहे. त्यांचं नाव गोन्सालो गार्सिया. हे मूळचे वसईचेच. जन्म १५५६ च्या सुमाराचा, वडील पोर्तुगीज, आई इथली. हा मुलगा जहाजातून पार जपानला गेला, तिथली भाषा शिकला, व्यापार केला, नि पुढं फिलिपाइन्समध्ये फ्रान्सिस्कन पंथाचा ब्रदर झाला. पुन्हा जपानला गेला तेव्हा तिथल्या राज्यकर्त्याची ख्रिस्ती धर्मोपदेशकांवर खप्पामर्जी झाली होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यात गोन्सालो होते. १८६२ साली पोपनं त्यांना संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत ते हेच. वसईतल्या मुलांना ही गोष्ट पाठ असते. बाकी महाराष्ट्रातल्या किती मुलांना ठाऊक आहे? हात वर करा पाहू!

आता गावात शिरू या. वसईचा ख्रिस्ती समाज म्हटला तरी तो एकजात सारखा नाही. किनाऱ्यावर कोळी, बागायतीत सामवेदी आणि वाडवळ. सामवेदी ख्रिस्ती लोकांना 'कुपारी' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आला असं सांगतात. आपल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला जो धर्मपिता होतो, तो आपला कोंपाद्रे. सामवेद्यांची बोली म्हणजे सामवेदी, तिलाच कादोडी असंही नाव आहे. वाडवळांची वाडवळी. दोन्ही मराठीच्याच बहिणी, पण ठसका असा की पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला पहिल्या खेपेला निम्मं कळतं. आणि खरी गंमत ऐका. याच गावांत हिंदू सामवेदी आहेत, हिंदू वाडवळ आहेत, आणि त्यांची बोलीही तीच. एक शेजारी देवळात जातो, दुसरा चर्चमध्ये, पण बांधावर दोघं भांडतात ते एकाच बोलीत! निर्मळच्या तळ्याकाठी शंकराचार्यांची समाधी मानली जाणारी जागा आणि देऊळ आहे, नि त्याच गावात होली क्रॉस चर्च. कार्तिक महिन्यात तिथं मोठी जत्रा भरते. त्या जत्रेत सुकेळी, म्हणजे वसईची उन्हात वाळवलेली गोड केळी विकत घ्यायला कोण कुठल्या धर्माचा हे कुणी पाहत नाही.

माणसांची नावंही अशीच घरगुती होऊन बसलीत. कागदावर जोसेफ, घरात जुजे. कागदावर सेबॅस्टियन, घरात बस्त्याव.

चर्चची घंटा हे गावचं घड्याळ होतं. पहाटे वाजली की बायका चुलीकडं नि पुरुष रहाटाकडं. तिन्हीसांजेला वाजली की हातातलं काम थांबायचं, जो जिथं असेल तिथं उभा राहून प्रार्थना म्हणायचा, मग मोठ्यांचा आशीर्वाद मागायचा. हिंदू घरांतून त्याच वेळी 'शुभं करोति' चालू असे. कुणी गेलं की एकेक टोला सावकाश पडे, आणि वाडीतली माणसं त्या घराकडं निघत. वर्षातून एकदा मात्र घंटा गप्प बसते. पवित्र गुरुवारच्या मिस्सापासून ईस्टरच्या रात्रीपर्यंत ती वाजवायचीच नाही. येशूच्या मरणाचं दुःख म्हणून. मग ईस्टरच्या मध्यरात्री अशी दणाणते की झोपलेलं मूलही उठून बसावं!

चर्चच्या बाहेरही देव असतोच. वळणावर, नाक्यावर, आडाशेजारी क्रूस उभे दिसतील. कुणी हार घातलेला, कुणी मेणबत्ती लावलेली. मे महिन्यात संध्याकाळी वाडीतली माणसं क्रुसापाशी जमून रोझरी म्हणतात, नि शेवटी मुलांच्या हातावर काहीतरी खाऊ पडतो. (मुलं प्रार्थनेला वेळेवर का येतात, ते कळलं ना?) मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली, तेव्हा लोकांनी घराघरांजवळ असे क्रूस उभारले. साथ आत शिरू नये म्हणून. शीतलादेवीला गाऱ्हाणं घालणारी आपली पणजी आणि क्रूस उभारणारी शेजारची पणजी, दोघींच्या पोटात भीती एकच होती.

कोळीवाड्यात होड्यांना फादर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद देतात. शेतात भात तयार झालं की नव्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा सण असतो, त्याला 'आगेरा' म्हणतात. ईस्टरच्या आधीच्या रविवारी नारळाच्या कोवळ्या झावळ्या हातात धरून मिरवणूक निघते. तो झावळ्यांचा रविवार. येशू जेरुसलेमात आला तेव्हा लोकांनी खजुराच्या फांद्या हलवल्या होत्या. वसईत खजूर कुठला? पण नारळ मुबलक! आणि डिसेंबरात मुलं पेंढा, माती, दगड, जुने डबे गोळा करून नाताळचा गोठा करायला बसतात, जशी तुम्ही दिवाळीत किल्ला करायला बसता तशीच. तेच चिखलाचे हात, तीच भांडणं, नि गोठ्यात हळीवही तसंच पेरलेलं. वर्षाच्या शेवटच्या दिवसांत पोरं जुन्या कपड्यांत गवत भरून 'म्हातारा' करतात. म्हातारा म्हणजे सरतं वर्ष. घरोघर पैसे मागत हिंडायचं आणि ३१ डिसेंबरच्या रात्री त्याला पेटवून द्यायचं. होळीची आठवण आली की नाही?

पण सगळ्यांत रंगतदार प्रकार म्हणजे लग्न. आदल्या दिवशी बायका वाजतगाजत आडावर जातात, पाणी भरून आणतात नि त्या पाण्यानं नवरा-नवरीची आंघोळ होते. याला 'उंबराचं पाणी' म्हणतात. उंबराखाली पाणी असतं, अशी आपल्याकडची जुनी समजूत, म्हणून आडाशेजारी उंबर हवाच. पुढं घुमट वाजत असतो. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडावर कातडं ताणून बसवलेलं. (पूर्वी ते घोरपडीचं असे. आता घोरपड मारणं हा गुन्हा आहे, त्यामुळं बकरीचं कातडं लावतात.) लाल लुगडी नेसलेल्या आज्या पुढं होतात आणि गाणी सुरू होतात. मांडव घालताना वेगळं, पाण्याला जाताना वेगळं, नवरी निघताना रडवणारं, विहिणीची फजिती करणारं तर हमखास! गावागणिक रीत बदलते, चाल बदलते, पण गाणी म्हणायची ती बोलीत. स्वयंपाकघरात बाटली मसाल्याचा घमघमाट. उन्हाळ्यात घरच्या बायका ढिगानं मसाले भाजून कुटतात आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचं नाव बाटली मसाला. आणि फुगे! हवेतले नव्हे हं, पिठाचे, तळलेले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. चर्चमध्ये मिस्सा कोणत्या भाषेत होत असे? लॅटिनमध्ये. तुमच्या पणजोबांच्या वेळची माणसं दर रविवारी लॅटिन ऐकत आणि एक अवाक्षर न कळता गुडघे टेकत. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये मोठी धर्मपरिषद भरली. तिनं ठरवलं की ज्या त्या देशात ज्याच्या त्याच्या भाषेत उपासना करावी. मग वसईत मिस्सा मराठीत सुरू झाला. पण लक्षात घ्या, लॅटिनच्या त्या सगळ्या शेकडो वर्षांत घरात, मांडवात, शेतात गाणी चालू होती ती बोलीतलीच. देवाशी लॅटिनमधून, नि विहिणीशी कादोडीतून!

या मातीतून मराठीला मोठी माणसं मिळाली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते, त्यांनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले. १९९८ साली वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी पीएच.डी. केली ती कुणावर? संत तुकारामांवर!

इतकं सगळं छान आहे, तर मग काळजी कसली? सांगतो.

ती लग्नाची गाणी पूर्वी कुठं लिहून ठेवलेली नसत. ती आज्यांच्या डोक्यात असत. आजी शेतात लावणी करताना म्हणायची, नात शेजारी वाकलेली असायची, ऐकून ऐकून तिला यायचं. आता शेतात लावणीच नसेल तर? १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वसईत इमारतींची लाट आली. बागा विकल्या जाऊ लागल्या, विहिरींतलं पाणी टँकरनं उपसून इमारतींना जाऊ लागलं. फादर दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी 'हरित वसई संरक्षण समिती' काढून मोर्चे काढले, मार खाल्ला, धमक्या सोसल्या. वाड्यांमध्ये बावखलं असत, म्हणजे गोड्या पाण्याची लहान तळी. बागेला पाणी तिथून मिळायचं, नि पावसाचं जादा पाणी तिथंच साठायचं. त्यांतली पुष्कळ बुजवली गेली. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, दिवस दिवस वीज नव्हती. तेव्हा पुष्कळांना बुजवलेली बावखलं आठवली.

आणि शेत गेलं की शेतातला वेळ जातो. लग्न मांडवातून हॉलमध्ये गेलं, घुमटाच्या जागी डीजे आला, मुलं इंग्रजी शाळेत गेली. आजी कादोडीत विचारते, नातू इंग्रजीत उत्तर देतो. दोघांना एकमेकांचं कळतं, पण गाणं मधल्यामध्ये पडतं.

असं फक्त वसईतच झालं असं नाही. जगाच्या पार दुसऱ्या टोकाला काय झालं, ते ऐका. १७७३ साली स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली दोनशेच्या आसपास माणसं 'हेक्टर' नावाच्या जहाजातून कॅनडाच्या किनाऱ्यावर उतरली. मागून आणखी हजारो आली. जंगल तोडून शेतं केली, चर्च बांधलं. त्यांची भाषा गेलिक. बायका लोकरीचं कापड टेबलावर आपटून घट्ट करायच्या आणि त्या तालावर गेलिक गाणी म्हणायच्या. आपल्या जात्यावरच्या ओव्याच जणू! त्यांचं दुसरं वेड म्हणजे फिडल, आपलं व्हायोलिन. तिथं केप ब्रेटन नावाचं बेट आहे. तिथल्या एका पाद्र्यानं शंभर-दीडशे वर्षांपूर्वी 'या नाचगाण्यानं लोक बिघडतात' म्हणून घरोघरची फिडलं गोळा करून नेली, अशी गोष्ट सांगतात. शाळेत गेलिक बोललं की छडी बसे. हळूहळू भाषा घरातून गेली. १९७१ साली तिथल्या टेलिव्हिजनवर एक कार्यक्रम झाला. त्यात म्हटलं होतं की केप ब्रेटनचे फिडलवादक आता नामशेष होणार. ते ऐकून माणसं अशी चिडली! आणि पुढाकार कुणी घेतला? एका पाद्र्यानंच. ग्लेनडेल गावचे फादर जॉन अँगस रँकिन आणि इतरांनी मिळून १९७३ साली गावात मेळा भरवला. शंभराहून जास्त वादक आले आणि एकत्र वाजवू लागले. आज तिथली तरुण मुलं जगभर फिडल वाजवत हिंडतात. भाषा मात्र थोड्यांच्याच तोंडी उरली आहे. सूर पुढच्या पिढीला दिला गेला, शब्द द्यायला उशीर झाला.

वसईत अजून उशीर झालेला नाही. अलीकडच्या वर्षांत कुपारी लोकांचे महोत्सव भरतात, त्यात लाल लुगडी नेसून मुली जुनी गाणी म्हणतात. बोलीत लिहिणारी माणसं आहेत, बोलीत विनोदी चित्रफिती काढणारी पोरंही आहेत. मोबाइलचा असाही उपयोग होतो बरं का!

पण त्यातली एक अडचण तुम्हीच सोडवू शकता, म्हणून सांगतो. आजीला नुसतं 'गाणं म्हण' म्हटलं की ती लाजते, म्हणते, आता कुठलं आठवतंय. तिच्या शेजारी बसा, हातात काहीतरी निवडायला घ्या, आणि विचारा, 'तुझ्या लग्नात पाण्याला कोण कोण गेलं होतं?' मग ती नावं सांगू लागते. कुणाची विहीण कशी रुसली ते सांगते, कुठल्या आडाचं पाणी गोड ते सांगते, आणि मध्येच, स्वतःच्याही नकळत, पहिली ओळ गुणगुणते. तेवढ्यात फोनचं बटण दाबायचं. शब्द कळला नाही तर लगेच विचारायचा, अर्थ वहीत लिहायचा, नि खाली गाव आणि तारीख. आजी वसईची असो, वाईची असो, की वाशिमची.

आणि नाशिकला गेलात तर नारोशंकराच्या घंटेवरची अक्षरंही उतरवून आणा.